चंदन नाबाद आहे तोवर

हे कोणी मानणार नाही. लावा पैज. आणि खरं सांगू का, मानू नयेच. मानलंत तर उद्या पहाटे टोपली घेऊन घराबाहेर पडायची तुमची हिंमत होणार नाही, आणि झाडाखालचं मोहफूल हरणं खाऊन जातील. तरी सांगतो. चंदन कोडापेच्या ज्या खेळीची लोक अजून चर्चा करतात, तिच्यातल्या एकोणीस धावा चंदनने काढलेल्या नाहीत. त्या मी काढल्या. तो होता न्यूझीलंडमध्ये. मी होतो कोसमटोल्याच्या जंगलात, मोहाच्या बुंध्याला पाठ लावून, आणि माझ्या हातात बॅट नव्हती, बंद पडलेला रेडिओ होता.

मी लहानू. आरमोरीपासून वडशापर्यंत टेनिस बॉलची कुठलीही स्पर्धा असली की अंपायर मीच. पांढरा कोट मला एका रिटायर कंपाउंडरने दिलेला. त्याच्या डाव्या खिशात सहा चिंचोके असतात. एक चेंडू पडला की एक चिंचोका उजव्या खिशात. तीस वर्षांत माझी ओव्हर कधी पाच चेंडूंची झाली नाही. सातांची झाली असेल, पण ती फलंदाज ओळखीचा असेल तेव्हाच.

चंदनचा बाप पोचू माझा मैतर. त्याने आयुष्यात बॅट धरली नाही, पण क्रिकेटचं वेड असं की रेडिओ खांद्यावरून उतरत नसे. धान रोवताना रेडिओ बांधावर, मोहफूल वेचताना रेडिओ फांदीला. घरात गोंडी बोलणारा माणूस, पण हिंदी कॉमेंट्रीतला शब्द न् शब्द त्याला कळायचा. त्या खेळीच्या बावीस वर्षं आधी, मोह ऐन भरात असताना, पहाटे तो जंगलात गेला. कुठल्याशा परदेशातला सामना चालू होता. मी मागून येतो म्हणालो होतो आणि आलो उशिरा.

वाघ उभ्या माणसाला सहसा हात लावत नाही. वाकलेला माणूस मात्र त्याला चार पायांचा दिसतो. मोहफूल वाकूनच वेचावं लागतं.

मी पोचलो तेव्हा झाडाखाली टोपली होती, एक चप्पल होती आणि फांदीवर रेडिओ बोलत होता. शेवटची ओव्हर, जिंकायला सहा धावा, बॉलर धावत निघालेला. तेवढ्यात सेल संपले. सामना कोण जिंकलं ते पोचूला कळलंच नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

आमच्याकडे वाघाने माणूस नेला की त्या जागेवर ढीग करतात. येणारा-जाणारा त्यावर हिरवी डहाळी टाकतो, कोणी लाकूड टाकतो, कोणी धोंडा. शहरातले लोक फोटो काढतात आणि विचारतात, ही पूजा आहे का? पूजाच म्हणा. जुने लोक सांगतात, वाघाने नेलेला माणूस वाघाला सोडत नाही. त्याच्या मानेवर बसतो आणि त्याला घरांच्या वाटा दाखवतो. म्हणून त्याला दाबून ठेवायचं. ढिगावर टाकायचं, ढिगातून काढायचं नाही. आमच्या शेळ्यासुद्धा त्यातलं पान ओढत नाहीत.

पोचूचा ढीग बघता बघता माणसाच्या उंचीचा झाला. त्याची बायको सोमारी रोज एक डहाळी टाकायची. पाऊस असो, ताप असो.

चंदन सतरा वर्षांचा झाला आणि आरमोरीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याची बॅट मोडली. लाकूड कुठून आणायचं? तोडायला गेलं तर वनरक्षक पकडतो. त्याने विचार केला, ढीग बापाचा आहे, तर लाकूडही बापाचंच. आणि बाप पोराला बॅटसाठी नाही म्हणेल का? तेही पोचूसारखा बाप? हात घालून त्याने खालचा तिवसाचा ओंडका ओढून काढला. ज्याची बैलगाडीची आसं करतात ते तिवस. घासलं की तांबूस आणि वजनाला लोखंड. रात्रभर तासून त्याने बॅट केली.

सकाळी सोमारीला कळलं. ती ओरडली नाही. ढिगापाशी गेली, ओंडका जिथून निघाला त्या भोकात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

"काय झालं, सोमारीबाई?" मी विचारलं.

"गरम हाय," ती म्हणाली. "कोनी आत्ताच उठून गेल्यासारखं."

त्या दिवशी आरमोरीच्या मैदानात चंदन असा खेळला की चेंडू आणायला बाजारात माणूस पाठवावा लागला. लाउडस्पीकरवर कॉमेंट्री चालली होती. त्रेसष्टवर चेंडू उजव्या यष्टीला लागला आणि मी बोट वर केलं. पहिलं बोट माझंच, हे मी कबूल करतो. सामना संपल्यावर दोऱ्या गुंडाळायला बांधाकडे गेलो तर मऊ मातीत बसल्याचा ठसा. वासराएवढं काहीतरी तिथे पोट टेकून तासभर बसलेलं, तोंड लाउडस्पीकरकडे. आणि त्याच संध्याकाळी आमच्या गावात सुकलूची गाभण शेळी गेली.

शेळी जाते, त्यात काय! मीही तेच म्हणालो.

मग चंदनला बल्लारपूरच्या एका क्लबाने उचललं. तिथे कारखान्याच्या कामगारांची पोरं खऱ्या चेंडूने खेळतात. त्याने दोन शतकं काढली, त्याची बातमी रेडिओवर आली आणि कोसमटोल्यात ढोल वाजला. तिसऱ्या सामन्यात तो झेलबाद झाला. त्याच दुपारी तळ्यावरून बुधरीचा बैल गेला. तिवसाची बॅट तिथेच मोडली आणि कोण्या पोराने तिच्यावर चहाचं पाणी उकळलं. चंदनने तेवढ्यातून बोटभर चिलपी वाचवली आणि पुढे जी जी बॅट घेतली तिच्या मुठीच्या रबराखाली ती खोचली. हे नियमात बसतं का ते मला विचारू नका. मी अंपायर आहे, वकील नाही.

मग नागपूर. मोठा सामना, विदर्भाची टोपी. त्या संध्याकाळी चंदनचा फोन आला. आमच्याकडे टॉवर फक्त शाळेच्या टाकीवर चढलं की लागतो; मी टाकीवर.

"काका, मी नवावर आऊट झालो."

"मालूम हाय."

"तुमाले कसं मालूम? टीव्हीवर नवता सामना."

"सुकलू गेला, चंदन."

तो म्हणाला, "किती वाजता?"

"तू किती वाजता आऊट झाला?"

"सव्वाअकरा."

"मंग तेवाच."

सुकलू बांधावर बसून रेडिओ ऐकत होता. चंदन आऊट झाल्याची बातमी लागली तशी त्याने शिवी दिली आणि रेडिओ बंद करायला वाकला. एवढंच. त्याची पोरगी ललिता दहा पावलांवर होती. ती सांगते, ढाण्या वाघ केव्हाचा मागच्या झुडपात बसलेला होता, कान टवकारून, अगदी शाळेतल्या पोरासारखा. चंदन खेळत होता तोवर त्याने शेपटीही हलवली नाही.

आता कळलं तुम्हाला? पोचू ऐकायला येत होता. ढिगातून सुटला तो थेट वाघाच्या मानेवर बसला. पोराची बॅटिंग चालू असेपर्यंत त्याला भूक नाही, राग नाही. पोरगा आऊट झाला की सामना त्याच्यासाठी पुन्हा अर्धवट. मग तो वाघाला उठवतो.

गावाने बैठक घेतली. ठरलं ते असं: चंदन खेळत असेल तोवर जंगल मोकळं. लाकूड आणा, गुरं चारा, तेंदूपत्ता तोडा. चंदन आऊट झाला की जंगल बंद, दुसऱ्या दिवसाच्या सूर्योदयापर्यंत कोणी घराबाहेर पडायचं नाही. झाडापाशी रेडिओ घेऊन बसायचं काम माझं. पोचूचा रेडिओ माझ्याकडेच होता. बायका सकाळी दारातून विचारायच्या, "लहानूभाऊ, चंदन हाय का?" मी म्हणायचो, "हाय." मग टोपल्या निघायच्या. लंच आणि टीच्या वेळीही भीती नाही, हे आम्हाला अनुभवाने कळलं. तेवढा वेळ ढाण्या पंजावर डोकं ठेवून पडायचा. एकदा कप्तानाने चंदन नाबाद असतानाच डाव घोषित केला, तर बिचारा ढाण्या दोन दिवस तिथेच बसून राहिला. कोणाला शिवला नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं आता काय करायचं ते.

नागसेन वनरक्षक शिकलेला माणूस, तो हसायचा. पण त्याने झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यात एक फोटो आला: मोहाखाली रेडिओ, रेडिओपासून वीस पावलांवर बैलाएवढा ढाण्या, आणि दोन्ही कान पुढे. फोटोवर वेळ छापलेली होती. नागसेनने ती वेळ वर्तमानपत्रातल्या बातमीशी ताडून पाहिली आणि त्या दिवसापासून तोही दारातून विचारू लागला, "चंदन हाय का, जी?"

जगाला मात्र चंदन कोडापे दिसत होता तो असा: न हसणारा, न चिडणारा, शतक झाल्यावर बॅटही न उंचावणारा. सलग अकरा कसोटी डावांत नाबाद. खेळपट्टीवर सगळ्यात जास्त मिनिटं उभं राहण्याचा विक्रम. एका पाहुण्या संघाने त्याला बाद करायला नऊ बॉलर वापरले आणि दहावा, यष्टिरक्षक, पॅड काढून आला. टीव्हीवाल्या बाईने विचारलं, इतके तास मैदानात तुम्ही मनात काय आणता? तो म्हणाला, "आईला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावात कोणी वाजवल्या नाहीत.

त्याच्या खेळात एकच खोट होती, आणि जाणत्यांनी तिच्यावर पानंच्या पानं लिहिली. तो स्वीप मारत नसे. फिरकी बॉलरला गुडघा टेकून मारायचा तो फटका त्याने कारकिर्दीत एकदाही मारला नाही. शिकवणाऱ्यांनी डोकं फोडून घेतलं. त्यांना कोण सांगणार? ज्याचा बाप वाकलेला असताना गेला, तो पोरगा उघड्या मैदानात गुडघा टेकेल का?

सोमारी एकच गोष्ट मागायची. चंदन घरी आला की भात वाढता वाढता म्हणायची, "ते चिलपी ढिगात ठेवून दे रे बाबू. तुझ्या बापाले झोपू दे."

"ह्या दौऱ्यावरून येतो ना बाई, मंग ठेवतो."

प्रत्येक वेळी हा दौरा. चिलपी काढली तर हात चालेल का, ही धाकधूक त्याच्या मनात होती. आणि खोटं कशाला बोलू, आमच्याही होती. गावाला डांबरी रस्ता झाला होता तो चंदनमुळे. सोमारीच्या बाजूने कोणी बोललं नाही. मीही नाही.

तर न्यूझीलंड. मार्च महिना, मोह टपटप गळत होता. तिथला खेळ आपल्या पहाटेच्या आधी सुरू होतो, म्हणजे वेचणीची वेळ आणि चंदनची वेळ एकच. पहिल्या दिवशी तो नाबाद, दुसऱ्या दिवशी नाबाद. गावात असा हंगाम कोणी पाहिला नव्हता. अंगणात मोहफूल वाळत टाकायला जागा उरली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे निघताना सोमारीने मला दारात अडवलं.

"लहानूभाऊ, सेल नवे हायत ना?"

"नवेकोरे. आरमोरीहून आनले."

आता सांगतो. आरमोरीला मी गेलोच नव्हतो. जुने सेल टिनाच्या छपरावर दोन दिवस उन्हात घातले होते. आमच्याकडे सगळे घालतात. उन्हाने सेलाला थोडा जीव येतो. थोडाच येतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

सोमारीचं मोहाचं झाड ढिगापासून पन्नास पावलांवर. बाकीच्या सहा बायका माझ्या बाजूच्या झाडांखाली पांगल्या. सोमारीशेजारी कोणी वेचत नाही. त्या बाजूला पोचू वाकला होता. मी मधल्या झाडाला टेकलो आणि रेडिओ फांदीला अडकवला. चंदन तीनशे साठच्या पुढे. उजाडू लागलं होतं. लंच झाला, खेळ पुन्हा सुरू झाला. एक वानर इशारा देत खकाललं. मग दुसरं. मग सगळं एकदम गप्प झालं, पाखरूसुद्धा.

वास आधी आला. मग सोमारीच्या पलीकडची रायमुनियाची झुडपं हलली आणि तो बाहेर आला. वासराएवढा म्हणालो होतो ना मी? बैलाएवढा? त्या दिवशी तो नांगराच्या जोडीएवढा होता. आला आणि ढिगाला अंग टेकून बसला. दोन्ही कान पुढे. त्याच्या आणि माझ्या मधोमध सोमारी, कमरेत वाकलेली, दोन्ही हातांनी फुलं वेचत.

भिण्याचं कारण नव्हतं. चंदन होता ना.

तीनशे सत्तर झाले. तीनशे अठ्ठ्याहत्तर. रेडिओवरचा माणूस बोलला, आता जुना विक्रम मोडायला फक्त तेवीस. मैदानातले लोक उभे राहिलेत. बॉलर पळत निघाला. "और ये गेंद…" एवढं म्हणाला, आणि त्याचा आवाज बारीक होत होत विहिरीत पडल्यासारखा गेला.

मी रेडिओला थाप मारली. सेल काढले, चोळले, उलटसुलट घातले. काही नाही. त्या चेंडूचं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

ढाण्याने डोकं उचललं.

बावीस वर्षांपूर्वी इथेच, ह्याच रेडिओने, ह्याच जागी पोचूला असंच सोडलं होतं. तेव्हाही बॉलर धावतच होता. ढाण्याचे कान आधी मागे गेले. मग मागचे पाय हळूच पोटाखाली आले. शेपटीचं टोक जमिनीवर आपटलं. एकदा. दोनदा. आणि त्याची नजर रेडिओवरून सरकत सरकत सोमारीच्या वाकलेल्या पाठीवर येऊन थांबली.

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "और ये गेंद ऑफ स्टंप के बाहर! चंदन कोडापे ने जाने दी."

शेपटी थांबली.

मी आवाज नाकात घेतला, रेडिओसारखा. मध्ये मध्ये खरखर केली. ढाण्याला आपली भाषा कळते, पण कॉमेंट्री त्याला हिंदीतच लागते. "अगली गेंद, और चंदन ने बड़े आराम से डिफेंड किया. कोई रन नहीं." त्याचे मागचे पाय पुन्हा सैल झाले. मी डाव्या खिशातला चिंचोका उजव्या खिशात टाकला. सवय.

माझ्या बाजूच्या बायकांच्या ध्यानात आलं. बुधरीने माझ्याकडे पाहिलं, फांदीवरच्या मुक्या रेडिओकडे पाहिलं आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि ताठ उभी राहून मागे मागे सरकू लागली. मी एक धाव काढली, तिने चार पावलं घेतली. मी चौकार मारला, तिच्यामागे दुसरी निघाली. असं करत करत चंदनच्या अकरा धावा झाल्या आणि सहाही बायका वाटेला लागल्या.

उरली सोमारी.

ती वेचतच होती. मी तिला हाताने खुणावू लागलो. मला खुणा येतात त्या अंपायरच्याच. दोन्ही हात वर केले, तो षटकार. हात आडवा हलवला, तो चौकार. पाय उचलून थोपटला, तो लेगबाय. तिने मान वर केली नाही. ओरडायची सोय नव्हती. कॉमेंट्री सोडून दुसरा शब्द तोंडातून निघाला की संपलं.

"चंदन ने कट किया, दो रन." चिंचोका. "चंदन ने सीधे बल्ले से खेला, कोई रन नहीं." चिंचोका. ओव्हर बदलायची, बॉलर बदलायचा, फील्डर हलवायचे, मधूनच टाळ्या, आणि सगळं मी एकटा. कोटाच्या आत घाम वाहत होता. पंधरा झाल्या. सतरा. ढाण्या आता पुरता पोटावर बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, आणि खोटं बोलत असेन तर जीभ झडो, तो हसत होता. पोचू असाच हसायचा, ओठ एका बाजूला वर करून.

एकोणीस. विक्रमाला चार.

इथे माझी चूक झाली. शहाण्या माणसाने डिफेंड करत बसायचं. दुपारपर्यंत करायचं, बुधरी गावात पोचून ढोलवाले आणि टिनाचे डबे घेऊन येईपर्यंत करायचं. पण तीस वर्षं मी नुसताच उभा राहिलो होतो, मैदानाच्या मधोमध, आणि एकदाही कोणी मला बॅटिंग दिली नव्हती. आता हातात जगाचा विक्रम होता आणि फक्त चार हव्या होत्या. कट मारून झाला होता, ड्राइव्ह मारून झाला होता. मला काहीतरी नवं हवं होतं. जे कोणी पाहिलं नाही असं.

"स्पिनर आया है," मी म्हणालो. "सारा मैदान खामोश है. गेंद लेग स्टंप पर… और चंदन ने घुटना टेका! स्वीप किया! गेंद बाउंड्री की तरफ, बाउंड्री की तरफ…"

सोमारीचे हात थांबले.

ढाण्याने डोळे पूर्ण उघडले. त्याच्या मानेवरचे केस कोणी मुठीत धरून ओढल्यासारखे उभे राहिले, एका जागी, जिथे माणूस बसला असता तिथे.

सोमारीने टोपली जमिनीवर ठेवली. कमरेवर हात ठेवून ती सरळ उभी राहिली, सावकाश, जशी ती रोज डहाळी टाकून झाल्यावर उभी राहायची. मागे काय बसलंय हे तिला मघापासून माहीत होतं; तिच्या उभं राहण्यावरूनच मला ते कळलं. माझ्याकडे पाठ करून ती ढिगाकडे वळली आणि पलीकडच्या डोंगरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"खोटं हाय जी हे! चंदन गुडघा टेकत नाई. रेडिओ कवाचा बंद पडला, हा लहानू बोलून राह्यला. लहानूभाऊ, मले काय सांगाचं ते सांग, पन त्याच्या बापाले खोटं नको सांगू!"

ढाण्याच्या मानेवरचे ते केस हळूहळू खाली बसले.